इन्सुलिनवरचा मधुमेह आणि जठराची बायपास शस्त्रक्रिया: खानावळ चालवणाऱ्या एका ताईंचे प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी खानावळ चालवणाऱ्या ४६ वर्षांच्या बाईंचे हे प्रकरण आहे. ओळख पटू नये म्हणून घरचे काही तपशील बदलले आहेत. तपासण्यांचे आकडे आणि निर्णयांचा क्रम आहे तसाच ठेवला आहे. यापुढे त्यांना ताई म्हटले आहे, कारण डबे न्यायला येणाऱ्या पोरांपासून भाजीवाल्यापर्यंत सगळे त्यांना तेच म्हणतात. मधुमेह आटोक्यात यावा म्हणून त्यांच्या जठरावर आणि आतड्यावर केलेली शस्त्रक्रिया शहरातल्या मोठ्या रुग्णालयात झाली, परंतु आधीची तयारी आणि नंतरची देखरेख मधुमेहाचा डॉक्टर म्हणून बहुतांशी माझ्याकडे होती. त्यामुळे पुढे ज्या चुका नोंदवल्या आहेत, त्यांतल्या काही माझ्या आहेत.

२०२१ च्या पावसाळ्यात ताई आल्या तेव्हा त्यांच्या मधुमेहाला नऊ वर्षे झाली होती. वजन ८४ किलो, उंची १५६ सेंटिमीटर, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) ३४.५. एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ९.४ टक्के. औषधांमध्ये दिवसाला दोन ग्रॅम मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड, डॅपाग्लिफ्लोझिन आणि ग्लिप्टिन वर्गातले एक औषध यांची एक जोडगोळी, आणि रात्री ३४ युनिट ग्लारजिन इन्सुलिन. त्याशिवाय रक्तदाबाच्या दोन गोळ्या. लघवीतून थोडे अल्ब्युमिन जाऊ लागले होते, डोळ्यांच्या पडद्यावर मधुमेहाच्या सुरुवातीच्या खुणा होत्या आणि सोनोग्राफीत यकृतावर चरबी दिसत होती.

त्यांचा दिवस पहाटे साडेचारला सुरू होत असे. चाळीस डबे, दुपारची पंगत, संध्याकाळची भाकरी. प्रत्येक आमटीची चव घ्यायची, पण स्वतःचे जेवण दुपारी साडेतीनला आणि रात्री अकराला. आहारतक्ता त्यांना तीन वेळा दिला गेला होता, आणि तिन्ही तक्त्यांत सकाळी आठला नाश्ता, एकला जेवण असे लिहिलेले होते. तो तक्ता पाळला न जाण्यात ताईंचा दोष किती आणि लिहिणाऱ्यांचा किती, हा प्रश्न मला फार उशिरा पडला.

अडचण

इन्सुलिन वाढवले की साखर महिनाभर खाली येई, वजन दोन किलोंनी वर जाई, आणि मग साखर पुन्हा पूर्वपदावर. दोन वर्षांत ग्लारजिन १६ युनिटांवरून ३४ वर गेले आणि वजन ७८ वरून ८४ वर. टाइप २ मधुमेहात हे चक्र नवे नाही. शरीर इन्सुलिनला दाद देत नाही म्हणून मात्रा वाढवायची, वाढलेल्या मात्रेने चरबी वाढायची आणि चरबीमुळे शरीर आणखी कमी दाद द्यायचे.

शस्त्रक्रियेचा विषय माझ्याकडून निघाला नाही. मुंबईच्या मावसबहिणीचे ऐकून ताईंनीच विचारले, “डॉक्टर, पोटाचं ते ऑपरेशन करतात, त्यानं शुगर जाते म्हणे. मला चालेल का?” माझे पहिले उत्तर नकारार्थी होते. असे ऑपरेशन सव्वाशे-दीडशे किलोच्या माणसांचे, हा माझ्या मनातला जुना समज. आणि तो चुकीचा होता. मधुमेहासाठीच्या शस्त्रक्रियेबाबत २०१६ साली जगभरच्या ४५ वैद्यकीय संघटनांनी मान्य केलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आशियाई वंशाच्या लोकांसाठी बीएमआयची प्रत्येक मर्यादा अडीच अंकांनी खाली आणलेली आहे, कारण आपल्याकडे कमी वजनावरही पोटाभोवतीची चरबी आणि मधुमेह जास्त आढळतो. त्या हिशेबाने बीएमआय ३२.५ च्या पुढे असून औषधांनी साखर आटोक्यात येत नसेल, तर शस्त्रक्रियेचा सल्ला द्यावा असे त्यात म्हटले आहे. ताई त्या मर्यादेत स्पष्टपणे बसत होत्या.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय म्हणजे औषधेच पुढे वाढवणे. भूक आणि साखर दोन्ही कमी करणारी जीएलपी-१ वर्गातली इंजेक्शने तेव्हा उपलब्ध होती. लिराग्लुटाइड रोज आणि ड्युलाग्लुटाइड आठवड्यातून एकदा घ्यायचे. खर्च दरमहा काही हजारांचा आणि थांबवले की वजन परत येण्याची शक्यता मोठी. ताईंनी ड्युलाग्लुटाइड चार महिने घेतले. तोवर ८७ पर्यंत चढलेले वजन पुन्हा ८४ झाले, एचबीएवनसी ८.६ पर्यंत उतरला, पण चुलीपुढे सतत मळमळ होऊ लागली. अन्नाच्या वासातच ज्यांचा दिवस जातो त्यांना हे औषध पेलवले नाही.

दुसरा पर्याय अतिशय कमी उष्मांकांच्या आहाराचा. ब्रिटनमधल्या डायरेक्ट या चाचणीत दिवसाला साधारण ८५० कॅलरींच्या द्रव आहाराने वर्षभरात ४६ टक्के लोकांचा मधुमेह रेमिशनमध्ये गेला, म्हणजे औषधांशिवाय साखर मर्यादेत राहिली. मात्र त्या चाचणीत मधुमेह सहा वर्षांच्या आतला असलेले आणि इन्सुलिन न घेणारे लोकच घेतले होते. ताई या दोन्ही अटींबाहेर होत्या.

तिसरा पर्याय शस्त्रक्रियेचा. तिच्यापासून किती अपेक्षा ठेवावी, यावर आमची सर्वांत लांब चर्चा झाली. वय, बीएमआय, सी-पेप्टाइड आणि मधुमेहाची वर्षे या चार गोष्टींवरून दहापैकी गुण काढण्याची एक पद्धत तैवानमधल्या सर्जनांनी बसवली आहे. सी-पेप्टाइडवरून शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवते ते कळते, आणि ताईंचे उपाशीपोटीचे सी-पेप्टाइड २.६ होते. त्याचा एक गुण, बीएमआयचा एक. चाळिशी उलटलेली आणि मधुमेह आठ वर्षांहून जुना, म्हणून उरलेल्या दोन रकान्यांत शून्य. दहापैकी दोन. याचा अर्थ ऑपरेशन निरुपयोगी असा नव्हे. मधुमेह पूर्णपणे औषधमुक्त होण्याची शक्यता कमी. साखर कमी औषधांत आटोक्यात येण्याची शक्यता मात्र चांगली, असा तो अर्थ.

अमेरिकेतील स्टॅम्पीड चाचणीत १५० मधुमेहींचे तीन गट केले होते: बायपास आणि स्लीव्ह या दोन शस्त्रक्रियांचे (त्या कशा करतात ते पुढे येईल) आणि केवळ औषधांचा. एचबीएवनसी ६ किंवा त्याखाली आणण्याचे उद्दिष्ट पाच वर्षांनी बायपासच्या गटातल्या २९ टक्क्यांनी, स्लीव्हच्या गटातल्या २३ टक्क्यांनी आणि केवळ औषधे घेणाऱ्यांतल्या ५ टक्क्यांनी गाठले. स्वीडनच्या दीर्घकालीन अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षांनी ७२ टक्के लोक रेमिशनमध्ये होते, तर पंधरा वर्षांनी तो आकडा ३० टक्क्यांवर आला होता. हे आकडे मी ताईंना आणि त्यांच्या यजमानांना कागदावर काढून दाखवले. यजमानांनी कागद उलटा करून विचारले, “म्हणजे साडेतीन लाख घालून गोळी राहणारच?” मी म्हणालो, बहुधा एखादी राहील. ताई म्हणाल्या, “सुई गेली तरी पुरे.”

धोक्यांचा हिशेबही त्याच कागदावर होता. अमेरिकेतल्या दहा केंद्रांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात पहिल्या तीस दिवसांतले मृत्यू हजारी तीन होते आणि साधारण चार टक्के लोकांना गंभीर गुंतागुंत झाली. टाक्यांच्या रेषेतून गळती, रक्तस्राव, पायांतून फुप्फुसात जाणारी गुठळी या सुरुवातीच्या गुंतागुंती. त्यानंतरची यादी लांब आहे आणि ती बहुतेक वेळा घाईत वाचली जाते: जोडावरचा अल्सर, आतडे आतल्या आत अडकणे, पित्ताशयातले खडे, लोह, बी-१२, कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्वाची कमतरता, हाडे ठिसूळ होणे, जेवणानंतर अचानक साखर उतरणे. सतत उलट्या होत राहिल्या तर थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) घटून मेंदूवर परिणाम होऊ शकतो, हे मी वेगळे सांगितले.

स्लीव्ह की बायपास हा प्रश्न एंडोस्कोपीने सुटला. स्लीव्हमध्ये जठराचा मोठा भाग काढून त्याची अरुंद नळी करतात. ऑपरेशन सोपे, कमतरताही कमी, पण छातीतली जळजळ वाढू शकते. ताईंना जळजळ आधीपासून होती आणि एंडोस्कोपीत अन्ननलिकेच्या टोकाला सूज व लहानसा हर्निया दिसला. बायपासमध्ये जठराचा वरचा अंड्याएवढा भाग वेगळा करून तो पुढच्या आतड्याला जोडतात. अन्न उरलेले जठर आणि आतड्याचा पहिला भाग टाळून पुढे जाते. पुढे त्या बंद जठरात साधी एंडोस्कोपी पोचत नाही, म्हणून जठरात अल्सर करणाऱ्या एच. पायलोरी जंतूची तपासणी आधी करून त्याचा उपचार पूर्ण केला. सर्जनांनी बायपास सुचवला, आणि मलाही तो पटला.

या निर्णयात एक प्रश्न कोणी विचारला नाही. ताईंची पाळी सुरू होती आणि रक्तस्राव खूप होता. लोह मुख्यतः जेथे शोषले जाते, तो आतड्याचा पहिला भागच बायपासमध्ये वगळला जातो. हिमोग्लोबिन ११.८ होते, शरीरातला लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन तपासलेच नव्हते.

दीड किलोचा प्रश्न

घराचा आरोग्यविमा होता. विमा नियामकाने ठरवून दिलेल्या प्रमाणित कलमानुसार अशा शस्त्रक्रियेचा खर्च मिळण्यासाठी बीएमआय ४० किंवा त्याहून अधिक, अथवा अनियंत्रित टाइप २ मधुमेहासारखा गंभीर आजार सोबत असल्यास ३५ किंवा त्याहून अधिक असावा लागतो. ताईंचा ३४.५. पूर्वमंजुरी नाकारली गेली.

१५६ सेंटिमीटर उंचीला ३५ हा आकडा गाठण्यासाठी ८५.२ किलो वजन लागते, म्हणजे सव्वा किलो जास्त. कोणीतरी यजमानांना सांगितले, “दीड किलो वाढवून या, मग बघू.” दुसऱ्या कोणीतरी उंची एक सेंटिमीटर कमी लिहायला सुचवले. चार महिने मळमळ सोसून तीन किलो उतरवलेल्या बाईला वजन वाढवायला सांगणे मला अशक्य वाटले, आणि उंची बदलून लिहिणे हा सरळ खोटेपणा होता. आम्ही दोन्ही नाकारले. खर्च कुटुंबाने मुदतठेव मोडून आणि सोने गहाण ठेवून उभा केला. त्या वेळच्या वैद्यकीय सूचना ३२.५ म्हणत होत्या आणि विम्याचे कलम ३५, या अडीच अंकांच्या फटीत सापडणाऱ्या रुग्णांची संख्या आपल्याकडे थोडी नाही. ड्युलाग्लुटाइड सुरू करण्यापूर्वी, ८७ किलो असताना अर्ज केला असता, तर ताई प्रामाणिकपणे कलमात बसल्या असत्या. औषधाने झालेली सुधारणाच त्यांच्या आड आली, हे लिहितानाही विचित्र वाटते.

शस्त्रक्रियेआधीचे पंधरा दिवस

यकृत आकसावे आणि दुर्बिणीला जागा मिळावी म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी दोन आठवडे कमी उष्मांकांचा, कमी पिष्टाचा आहार देतात. २०२२ च्या जानेवारीत तो सुरू झाला: मुगाचे कढण, ताक, पनीर, प्रथिनांची पावडर, भात-भाकरी बंद. साखर उतरून चक्कर येऊ नये म्हणून मी ग्लारजिन ३४ वरून १६ युनिटांवर आणले आणि ग्लिमेपिराइड थांबवले. रुग्णालयाच्या पत्रकात एक ओळ होती, “शुगरच्या गोळ्या शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी बंद कराव्यात.”

अकराव्या दिवसापासून ताईंना गळून गेल्यासारखे वाटू लागले. बाराव्या दिवशी दोन उलट्या झाल्या. घरच्या ग्लुकोमीटरवर साखर १६८ आली आणि सगळ्यांना आनंद झाला, कारण इतका चांगला आकडा वर्षभरात आला नव्हता. फोनवर मीही म्हणालो, “आहाराचा त्रास असेल, पाणी वाढवा.” तेराव्या दिवशी त्या दाखल झाल्या तेव्हा भूलतज्ज्ञांनी साखरेपेक्षा श्वास पाहिला. मिनिटाला अठ्ठावीस. त्यांनी लगेच धमनीतले रक्त तपासले: पीएच ७.२१, बायकार्बोनेट ११, रक्तातले कीटोन ४.८.

हा कीटोन नावाची आम्ले साठून रक्त आम्लधर्मी करणारा, पण साखर फारशी न वाढता होणारा कीटोअॅसिडोसिस होता. डॅपाग्लिफ्लोझिन लघवीवाटे साखर बाहेर टाकते, म्हणून ग्लुकोमीटरवर आकडा चांगला दिसतो. पण पिष्ट कमी, उपास आणि त्यात इन्सुलिनही कमी झाले की शरीर चरबी जाळू लागते आणि कीटोन साठतात. ही औषधे शस्त्रक्रियेपूर्वी किमान तीन दिवस थांबवावीत, अशी सूचना अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्येच दिली होती. ताईंच्या बाबतीत तीन दिवसही अपुरे ठरले असते, कारण गोंधळ आहार बदलला तेव्हाच सुरू झाला होता. ती गोळी आहाराच्या पहिल्याच दिवशी बंद व्हायला हवी होती. मला हे माहीत होते. पण माझ्या चिठ्ठीवर जोडगोळीचे कंपनीचे नाव होते आणि घाईत मी ते नुसत्या ग्लिप्टिनची गोळी म्हणून वाचले.

शस्त्रक्रिया पुढे ढकलली. शिरेतून इन्सुलिन आणि त्याच्या जोडीला डेक्स्ट्रोज देऊन दीड दिवसात कीटोन उतरले. यजमानांनी मला जे ऐकवले ते रास्त होते. तीन आठवड्यांनी, फेब्रुवारीत, तोच आहार योग्य इन्सुलिनसह आणि ती गोळी वगळून पुन्हा दिला गेला. भूलतज्ज्ञांनी त्या सकाळी श्वास मोजला नसता तर काय झाले असते, याचा विचार मी टाळतो.

शस्त्रक्रिया आणि पहिले वर्ष

शस्त्रक्रिया दुर्बिणीने झाली आणि सुरळीत झाली. दुसऱ्या दिवशी ताई वॉर्डात चालल्या, चौथ्या दिवशी आठ युनिट इन्सुलिनवर घरी गेल्या. वजन अजून जेमतेम दोन किलो उतरले होते. साखर इतक्या लवकर का उतरते, हे प्रत्येक रुग्ण विचारतो. काही भाग उपासमारीचा असतो. काही भाग अन्न थेट पुढच्या आतड्यात पोचल्याने जीएलपी-१ सारखी संप्रेरके जेवणानंतर कैक पटींनी वाढतात, त्याचा. तिसऱ्या आठवड्यात इन्सुलिन थांबले. रक्तदाबाच्या गोळ्यांतली लघवी वाढवणारी गोळी पहिल्याच दिवशी बंद केली होती, कारण पाणी कमी जात असताना तीच गोळी चक्कर आणते आणि मूत्रपिंडांनाही त्रास देते.

तीन महिन्यांनी वजन ७१ आणि एचबीएवनसी ६.७. साखर झपाट्याने उतरली की डोळ्यांच्या पडद्याची स्थिती काही काळ बिघडू शकते, म्हणून नेत्रतपासणी आधी आणि तीन महिन्यांनी पुन्हा केली, बदल नव्हता. वर्षाने वजन ६१, एचबीएवनसी ६.१, औषध म्हणजे सकाळ-संध्याकाळ ५०० मिलिग्रॅमची साधी मेटफॉर्मिन. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या बायपासनंतर पुरेशा भरवशाच्या राहत नाहीत, म्हणून साधी. घरी सगळे म्हणू लागले, “ताईंची शुगर गेली.” काटेकोर व्याख्येनुसार औषधे थांबवून किमान तीन महिने एचबीएवनसी ६.५ च्या खाली राहिला तरच त्याला रेमिशन म्हणतात. त्यामुळे हे रेमिशन नव्हते. मी ते समजावले, पण फार जोर लावला नाही. सुई गेली होती.

पहिल्या वर्षातला खरा प्रसंग सप्टेंबरात घडला. गुडघे दुखतात म्हणून ताईंनी मेडिकलमधून डायक्लोफिनॅक ही वेदनाशामक गोळी आणून तीन आठवडे घेतले. आम्लता कमी करणारी गोळी तीन महिन्यांनी पत्रकाप्रमाणे थांबली होती. काळी शौच झाली, चक्कर आली. एंडोस्कोपीत जठर आणि आतड्याच्या जोडावर अल्सर दिसला. शस्त्रक्रियेपूर्वी “धूम्रपान?” या रकान्यात “नाही” लिहिले होते. ते खरेच होते. सकाळी दातांना मिश्री लावता का, हे मात्र कोणी विचारले नव्हते. ताई वीस वर्षे दिवसातून तीनदा मिश्री लावत होत्या. विडी-सिगारेटने जोडावरच्या अल्सरचा धोका वाढतो हे पक्के आहे. मिश्रीही तंबाखूच आहे, आणि ती तोंडातल्या त्वचेतून शोषली जाते. आम्ही ती बंद करवली. तीन-चार महिने त्यांना त्याचाच सर्वांत जास्त त्रास झाला. कॅप्सूल उघडून आतले दाणे घेण्याच्या पद्धतीने आम्लरोधक औषध आणि सुक्रालफेट देऊन अल्सर दहा आठवड्यांत भरला.

आकडा खोटा बोलतो तेव्हा

२०२३ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे दीड वर्षाने, एचबीएवनसी ६.९ आला. वजन दोन किलोंनी वाढले होते. मधुमेह परतला असे समजून दुसरी गोळी सुरू करणे सोपे होते, आणि मी चिठ्ठी काढलीही होती. पण ताईंच्या वहीत उपाशीपोटीची साखर ९८ ते ११० च्या दरम्यान आणि जेवणानंतरची १५० च्या आत होती. दोन्ही खरे असणे शक्य नव्हते. हिमोग्लोबिन ९.१ आणि फेरिटिन ६ निघाले. लोह कमी असले की लाल पेशी रक्तात जास्त दिवस राहतात आणि एचबीएवनसी साखर न वाढताही थोडा वर दिसतो. ग्लुकोज पाजून करायची चाचणी बायपासनंतर करू नये, कारण अन्न झपाट्याने आतड्यात उतरते आणि निकालही फसवा येतो. म्हणून दोन आठवडे बोटातल्या रक्ताच्या सात-सात नोंदी घेतल्या, आणि त्यांवरच भरवसा ठेवला. नवी गोळी दिली नाही.

लोहाच्या गोळ्या घेऊनही फेरिटिन वाढेना, तेव्हा शिरेतून लोह दिले. त्याच सुमारास त्यांना पहिल्यांदा स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवले. गर्भाशयात गाठ होती. संप्रेरक सोडणारी तांबी बसवल्यावर रक्तस्राव निम्म्याहून कमी झाला. तीन महिन्यांनी एचबीएवनसी ६.२ आला, पण लोह दिल्यावर नव्या पेशी भराभर तयार होत असल्याने तो आकडाही काहीसा फसवा होता, या वेळी उलट्या दिशेने.

संक्रांत

२०२४ च्या संक्रांतीला ताईंनी खानावळीत दोनशे गुळाच्या पोळ्या लाटल्या आणि सकाळी अकरापर्यंत काही न खाता तुपाबरोबर दोन पोळ्या खाल्ल्या. पाऊण तासात पोटात कळ, धडधड. दीड तासाने तव्यापुढे उभ्या असताना हात थरथरू लागले, अंगाला घाम फुटला, आणि उलथने हातातून निसटले. सुनेने साखर मोजली: ५२. तिने घाबरून तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजली. बरे वाटले आणि सव्वा तासाने पुन्हा तेच, ६१.

साखर एकदम तळाला नेणारे औषध ताई घेत नव्हत्या. मेटफॉर्मिनने एकट्याने असे सहसा होत नाही. बायपासनंतर गोड पदार्थ झटकन शोषला जातो, इन्सुलिनचा मोठा झोत सुटतो आणि साखर तळाला जाते. हा त्रास बहुधा शस्त्रक्रियेनंतर एक-दोन वर्षांनी सुरू होतो, आणि तोपर्यंत रुग्ण व डॉक्टर दोघेही निर्धास्त झालेले असतात. उपाय आहारात होता: आधी उसळ, अंडे किंवा पनीर आणि मग भाकरी, गूळ-साखर रिकाम्या पोटी नाही, साखर उतरलीच तर एक चमचा साखर आणि लगेच मूठभर शेंगदाणे. एकादशीची साबुदाणा खिचडीही याच यादीत गेली, कारण ती जवळपास निव्वळ पिष्ट आहे. सहा आठवडे जेवणाआधी पिष्टाचे पचन मंदावणारे अकार्बोजही दिले. त्यानंतर असा प्रसंग एकदाच आला, लग्नातल्या जिलेबीने.

तीन वर्षांनंतर

२०२५ च्या मार्चमध्ये ताईंचे वजन ६५ किलो होते, तळाच्या आकड्यापेक्षा चार किलो जास्त. एचबीएवनसी ६.६, हिमोग्लोबिन १२.१, मेटफॉर्मिन तेवढीच, रक्तदाबाची एक गोळी. लघवीतले अल्ब्युमिन मर्यादेत आले होते. घोरणे थांबले होते. केस पहिल्या वर्षी गळले आणि दुसऱ्या वर्षी परत आले. पोटावरची सैल त्वचा राहिली आणि तिच्या घड्यांत उन्हाळ्यात पुरळ उठते. त्याबद्दल ताई फक्त बाई डॉक्टरांशीच बोलल्या.

त्याच महिन्यात टिरझेपेटाइड हे साखर आणि वजन दोन्ही उतरवणारे नवे इंजेक्शन भारतात आले. यजमानांनी बातमी वाचून विचारले, “हे तेव्हा असतं, तर पोट कापावं लागलं नसतं ना?” मी सांगितले की बहुधा आधी तेच देऊन पाहिले असते. मळमळ त्यानेही होते, खर्च दरमहा चालू राहतो, आणि पंधरा वर्षांनंतरचा हिशेब शस्त्रक्रियेकडे आहे, त्या औषधाकडे अजून नाही. तरीही २०२२ मधला निर्णय आणि २०२५ मधला निर्णय एकच असेलच असे मी म्हणणार नाही. शस्त्रक्रिया पुन्हा कराल का, असे ताईंना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “करीन. पण ते आधीचे पंधरा दिवस नको.”

काय वेगळे करता आले असते

मुख्य निर्णय, म्हणजे शस्त्रक्रिया करावी का आणि कोणती, यावर चार बैठका झाल्या. तो आजही मला योग्य वाटतो. ताईंना जो त्रास झाला तो त्या निर्णयातून आला नाही. एका गोळीचे नाव, एक पेनकिलर, एक न विचारलेली पाळी, एक न विचारलेली मिश्री. हे सगळे माझ्या दवाखान्याच्या आणि रुग्णालयाच्या मधल्या मोकळ्या जागेत घडले. आहाराचा तक्ता त्यांचा, इन्सुलिनची मात्रा माझी, आणि दोन्ही एकत्र कोणी वाचले नाही.

विम्याचा अर्ज औषध सुरू करण्यापूर्वी करायला हवा होता. पाळीचा इतिहास आणि फेरिटिन आधी पाहिले असते, तर बायपासच केला असता, पण तांबी शस्त्रक्रियेपूर्वी बसवली असती आणि लोह पहिल्या महिन्यापासून नीट दिले असते. गुडघेदुखी होणारच होती. पॅरासिटामॉल चालेल आणि बाकीच्या वेदनाशामक गोळ्या कायमच्या बंद, हे ताईंना तोंडी सांगितले होते, पण लिहून द्यायला हवे होते, आणि ते मेडिकलवाल्यालाही कळायला हवे होते. आता ताईंच्या गल्ल्याशेजारी, भावफलकाच्या खाली, एक लॅमिनेट केलेला कागद चिकटवलेला आहे. त्यावर कोणत्या गोळ्या घ्यायच्या नाहीत, साखर उतरली तर काय करायचे, आणि पोटात अचानक पिळवटून दुखले तर घरी न थांबता थेट रुग्णालयात जायचे, कारण आतडे अडकलेले असू शकते, असे लिहिले आहे. मेडिकलवाला त्यांच्याकडेच दुपारी जेवतो.

शस्त्रक्रियेसाठी पाठवताना मी आता रुग्णाला गोळ्यांचा डबा घेऊन बोलावतो, सगळ्या स्ट्रिप टेबलावर ओततो आणि प्रत्येक उलटी करून मागच्या बाजूचे बारीक अक्षर वाचतो. वीस मिनिटे जातात आणि बाहेर रांग वाढते. ताईंची हाडांच्या घनतेची तपासणी मात्र अजून राहिली आहे. ती दोन वर्षांनी व्हायला हवी होती. त्यासाठी शहरात जावे लागते, आणि खानावळ एक दिवस बंद ठेवावी लागते. दोनदा तारीख ठरली, दोनदा लग्नाची पंगत आली. पुढची तारीख पितृपक्षातली घेतली आहे, कारण तेव्हा लग्ने नसतात.